तिसरे ‘म्हणून’ : हिब्रू संदेष्ट्यांमधील नैतिक अधःपतन आणि ईश्वरी दया यांचा अभ्यास कसा करावा

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशेजारी दर वर्षी बायबलमधील वचनांचे एक कॅलेंडर लागते आणि त्यातील एखाद्या महिन्यावर यिर्मयाच्या २९व्या अध्यायातले ११वे वचन हमखास छापलेले असते. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, असा त्याचा आशय. त्याच्या आधीचे, म्हणजे १०वे वचन मात्र मी आजवर कोणत्याही कॅलेंडरवर पाहिलेले नाही. बाबेलची, म्हणजे बॅबिलोनची, सत्तर वर्षे पुरी झाल्यावर हे घडेल, असे त्यात सांगितले आहे. ही ओळ ज्या पत्रात आली, ते पत्र यरुशलेमहून बाबेलला पकडून नेलेल्या लोकांना लिहिलेले होते, आणि सत्तर वर्षांच्या हिशेबाने ते वाचणाऱ्या बहुतेक प्रौढ माणसांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. दयेचे वचन आहेच, पण त्याला इतकी लांब मुदत जोडलेली आहे.

मी स्वतः रविवारच्या अभ्यासमंडळात अनेक वर्षे संदेष्टे, म्हणजे यिर्मयासारखे देवाचा निरोप लोकांना ऐकवणारे, कॅलेंडरसारखेच शिकवले. आधी पाप, मग शिक्षा, मग पश्चात्ताप, मग क्षमा, असा पायरीपायरीने चढणारा सरळ जिना मी फळ्यावर काढत असे. एकदा मंडळातल्या महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीने विचारले, की होशेयच्या दुसऱ्या अध्यायात लोक सुधारले आहेत ते नेमके कोणत्या ओळीत, आणि सुधारले नसतील तर देव एकाएकी गोड का बोलू लागतो. मला उत्तर देता आले नाही. घरी येऊन अध्याय पुन्हा वाचला तेव्हा ध्यानात आले, की जिना मी बांधला होता, ग्रंथात तो नव्हताच. पुढे दिलेली पद्धत त्या प्रश्नातून तयार झाली. ती पाच-सहा जणांच्या मंडळासाठी बसवलेली असली तरी एकट्याने वाचणाऱ्यालाही चालेल, आणि त्यासाठी वाचक ख्रिस्ती असलाच पाहिजे अशी अट नाही.

सुरुवात कोठून करावी

मराठी बायबलात संदेष्ट्यांचा विभाग यशयापासून सुरू होतो आणि यशयाचे ६६ अध्याय आहेत. उत्साहाने तेथे हात घालणारा वाचक साधारण तेराव्या अध्यायात, जेथून परराष्ट्रांविषयीची वचने सुरू होतात, तेथे दमतो. म्हणून छापील क्रम सोडून काळाच्या क्रमाने जावे : आधी आमोस, मग होशेय, त्यानंतर मीखा आणि यशयाचे पहिले बारा अध्याय, मग यिर्मया व यहेज्केल यांतले निवडक भाग, पुढे यशयाचा ४०व्या अध्यायापासूनचा भाग, आणि सर्वांत शेवटी योना. आमोसचे नऊ अध्याय मोठ्याने वाचले तरी पाऊण तासात होतात. पहिल्या बैठकीत तेवढेच करावे, चर्चा करू नये.

वहीच्या पहिल्या पानावर एक आडवी रेघ ओढून तिच्यावर तीन खुणा कराव्यात. इ.स.पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरने (असीरियाने) उत्तरेचे इस्राएल राज्य आणि त्याची राजधानी शोमरोन बुडवली. ७०१ मध्ये अश्शूरी राजा सन्हेरीब दक्षिणेच्या यहूदा राज्यावर चालून आला आणि यरुशलेम थोडक्यात वाचले. ५८६ च्या सुमारास बाबेलने यरुशलेम आणि तेथील मंदिर उद्ध्वस्त केले. प्रत्येक संदेष्टा या तीन खुणांच्या अलीकडे आहे की पलीकडे, एवढे कळले तरी निम्मा गोंधळ मिटतो. राजांचे दुसरे पुस्तक घेऊन त्यातले १४ ते १९ आणि २४, २५ हे अध्याय सोबत वाचले, की पार्श्वभूमीसाठी आणखी वेगळे काही लागत नाही.

शक्यतो दोन भाषांतरे जवळ ठेवावीत, एक जुन्या वळणाचे आणि एक अलीकडचे सोपे. मराठीत या कामाला मोठी परंपरा आहे. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले संपूर्ण बायबलचे भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले होते. सोलापूरकरांना आणखी एक सोय आहे, जिचे आपल्याला फारसे कौतुक नसते. येथे एकाच गल्लीत मराठी, तेलुगू आणि कन्नड वाचणारी माणसे सापडतात. आमच्या मंडळात पूर्व भागातल्या विणकर घरातल्या एक बाई तेलुगू बायबल घेऊन बसतात, आणि ज्या ठिकाणी त्यांचा शब्द आमच्या शब्दाहून वेगळा निघतो, त्या ठिकाणी मूळ हिब्रू शब्द अवघड आहे असे आम्ही धरून चालतो. हा अंदाज सहसा चुकत नाही.

वहीचे रकाने

वहीत चार रकाने आखावेत : कोण, कोणाशी, नेमके काय केले, आणि मग परमेश्वर काय म्हणतो. तिसऱ्या रकान्यासाठी एक कडक नियम आहे. तेथे ‘पाप’, ‘अधर्म’, ‘भ्रष्टाचार’ किंवा ‘नैतिक ऱ्हास’ असले शब्द लिहायचे नाहीत; फक्त कृत्य लिहायचे. संदेष्ट्यांची खरी ताकद याच रकान्यात दिसते, कारण ते समाज बिघडला असे मोघम म्हणून थांबत नाहीत, कोणी कोणाचे काय घेतले ते सांगतात.

आमोसच्या दुसऱ्या अध्यायातले आठवे वचन पाहावे. गहाण घेतलेल्या पांघरुणांवर ही माणसे प्रत्येक वेदीजवळ पसरतात, असे तेथे म्हटले आहे. वाचक हे झरकन ओलांडून जातो. चादरींच्या शहरात तरी तसे होऊ नये. निर्गमाच्या २२व्या अध्यायात कायदा आहे, की शेजाऱ्याचे पांघरूण गहाण घेतले तर सूर्य मावळण्याआधी ते परत करावे, कारण त्याच्याजवळ तेवढेच आहे आणि रात्री तो दुसरे काय अंगावर घेऊन निजणार. म्हणजे ज्या रात्री हा श्रीमंत भक्त देवळात आरामात टेकला आहे, त्याच रात्री एक माणूस उघडा निजला आहे, आणि हे सर्व उपासनेच्या जागी घडते आहे. हा केवळ कवीचा आवेश नव्हता, याला वेगळा पुरावाही आहे. इस्राएलच्या किनाऱ्यावरील मेसाद हाशाव्याहू या किल्ल्यात १९६० मध्ये शाईने लिहिलेली खापरे सापडली. त्यांतल्या एकावर, आमोसनंतर शंभराहून अधिक वर्षांनी, कापणी करणाऱ्या एका मजुराने अधिकाऱ्याकडे अर्ज केला आहे, की मी माझे काम पुरे केले होते तरी माझे वस्त्र काढून घेतले, ते परत मिळवून द्यावे. हे खापर आणि आमोसचे वचन एकाच पानावर समोरासमोर लिहून ठेवावे.

दुसरे उदाहरण आठव्या अध्यायातले. अमावास्या कधी संपेल, शब्बाथ (विश्रांतीचा पवित्र दिवस) कधी सरेल, म्हणजे आम्हांला धान्य विकता येईल, असे व्यापारी म्हणतात; एफा (धान्याचे माप) लहान करू, शेकेल मोठा करू, तराजू खोटा ठेवू. एफा लहान करणे समजते, पण शेकेल मोठा कशासाठी, हा प्रश्न आमच्याकडे अडला होता. मार्केट यार्डात आयुष्यभर तोलार म्हणून काम केलेले एक गृहस्थ मंडळात आहेत. एरवी ते फारसे बोलत नाहीत. त्यांनी दोन क्षण विचार करून सांगितले, “देताना माप लहान, घेताना दगड मोठा.” अगदी तसेच आहे. त्या काळी नाणी नव्हती. शेकेल हे वजन होते, आणि किंमत म्हणून चांदी तोलून घेतली जाई. यहूदात सापडलेली चुनखडीची घुमटाकार वजने पाहता एक शेकेल साधारण ११.३ ग्रॅम भरतो. तो दगडच जड केला, तर गिऱ्हाइकाची चांदी जास्त जाते. वजनासाठी हिब्रूत शब्दही ‘एव्हेन’, म्हणजे दगड हाच आहे. पायली छाटलेली, दगड जड आणि वर तराजूत पासंग, अशी ही तिहेरी लूट असून शेवटी गव्हाचा भुसकट विकण्याची भाषाही आहे. मराठीत आपण ‘मापात पाप’ म्हणतो, त्याचे इतके नेमके वर्णन दुसरीकडे क्वचितच मिळेल.

आमोसची सुरुवातही कागदावर काढून पाहण्याजोगी आहे. पहिल्या दोन अध्यायांत तो दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब अशी शेजारी राष्ट्रे एकेक करून घेतो आणि प्रत्येकाचा गुन्हा सांगतो. ऐकणारा इस्राएली माणूस मान डोलावत असणार. मग यहूदा येतो, आणि मग, सर्वांत लांबलचक आरोपासह, ऐकणाऱ्याचे स्वतःचे घर. नकाशावर या नावांना एका रेघेने जोडले तर फास आवळत जावा तसे दिसते. आपल्याकडे कोणी विजयपूर, कलबुर्गी, लातूर, धाराशिव अशा सगळ्यांचे वाभाडे काढत काढत अचानक आपल्याच गल्लीत येऊन आपल्या दारावर थाप मारावी, तसा हा प्रकार आहे.

हा आमोस यहूदातल्या तकोवाचा, बेथलेहेमच्या दक्षिणेकडचा. मेंढरे राखणारा आणि उंबराच्या जातीच्या झाडांची निगा राखणारा. दुसरा यराबाम उत्तरेत राज्य करत होता, तो काळ भरभराटीचा होता. शोमरोनच्या उत्खननात १९३० च्या दशकात हस्तिदंती कोरीव कामाचे शेकडो तुकडे मिळाले. ‘हस्तिदंती घरे’ आणि ‘हस्तिदंती पलंग’ हे आमोसचे शब्द आहेत. अधःपतनाचा अभ्यास करताना हे विसरता कामा नये, की तो दुष्काळाच्या नव्हे, चांगल्या दिवसांच्या काळात बोलतो आहे.

पाचव्या अध्यायातले ‘न्याय पाण्यासारखा वाहो’ हे वाक्य अनेकांना पाठ असते. त्याच्या उत्तरार्धातला हिब्रू शब्द बारमाही वाहणाऱ्या प्रवाहासाठी आहे. तो प्रदेशही आपल्यासारखाच, पावसाळी महिन्यांत फुगणाऱ्या आणि नंतर कोरड्या पडणाऱ्या ओढ्यांचा, त्यामुळे मागणी आहे ती एका पुराची नाही, उन्हाळ्यातही न आटणाऱ्या पाण्याची आहे. त्याच्या आधीच्या तीन वचनांत देव सण, अर्पणे आणि गाण्यांचा गोंगाट नको म्हणतो. ही वचने आपल्या मंडळीच्या नाताळाला आणि आपल्या गायनपथकाला लावून पाहावीत. शेजाऱ्याच्या जत्रेला लावण्याचा मोह आवरावा.

दया कुठे शोधावी

आमोसमध्ये चौथ्या रकान्यात दयेचे शब्द फारसे येत नाहीत. शेवटच्या पाच वचनांत पुनर्बांधणीचे आश्वासन आहे, पण बरेच अभ्यासक तो भाग नंतर जोडलेला मानतात. मला अधिक मोलाचे वाटते ते पाचव्या अध्यायातले पंधरावे वचन. वाइटाचा द्वेष करा, वेशीत न्याय स्थापन करा, कदाचित योसेफाच्या उरलेल्या लोकांवर परमेश्वर कृपा करील, असे ते म्हणते. या ‘कदाचित’ला वहीत गोल करावा. तो पुढे सफन्याच्या दुसऱ्या अध्यायात पुन्हा भेटतो; योएल आणि योना यांत तोच ‘कोणाला ठाऊक?’ असा येतो. दया मागता येते, हक्काने वसूल करता येत नाही, हे या संदेष्ट्यांनी एका छोट्या अव्ययात सांगून ठेवले आहे. सातव्या अध्यायात आमोस स्वतः याकोबासाठी, म्हणजे इस्राएलासाठी, रदबदली करतो, तो इतका लहान आहे, कसा टिकणार, असे म्हणतो, आणि टोळ व अग्नी ही दोन संकटे टळतात. तिसऱ्या दृष्टान्तात ओळंबा दिसतो, आणि तेथे तो रदबदली करत नाही. का करत नाही, यावर एक पूर्ण बैठक घालवावी.

आता होशेय. येथे घाई करू नये. आम्ही दुसऱ्या अध्यायाला तीन रविवार दिले आणि ते वाया गेले नाहीत. होशेयाचे गोमरशी झालेले लग्न आणि तीन मुलांची नावे पहिल्या अध्यायात आहेत : इज्रेल, लो-रुहामा म्हणजे जिच्यावर माया केली नाही ती, आणि लो-अम्मी म्हणजे माझे लोक नव्हेत. दुसऱ्या अध्यायात देव हा पती आणि इस्राएल ही त्याची बेइमान पत्नी असे रूपक आहे; तेथे पेन्सिल घेऊन ‘म्हणून’ किंवा ‘यास्तव’ हा शब्द शोधावा. हिब्रूत तो ‘लाखेन’ आहे आणि येथे तीनदा येतो, मराठीतल्या वचनांच्या क्रमांकांनुसार ६, ९ आणि १४ मध्ये. हिब्रू छापील प्रतींत या अध्यायाचे क्रमांक दोनने पुढे असतात, हे ठाऊक नसले तर संदर्भ जुळवताना डोके दुखते.

पहिले ‘म्हणून’ : तिने हे केले, म्हणून मी तिच्या वाटेवर काटेरी कुंपण घालीन. दुसरे : धान्य आणि द्राक्षारस मीच दिले हे तिला उमगले नाही, म्हणून मी ते परत घेईन. न्यायालयाच्या भाषेत आरोपानंतर ‘म्हणून’ आले की निकाल यायचा, ही सवय वाचकाच्या कानाला आता लागलेली असते. आरोप पुन्हा वाढत जातो, ती इतर देवांच्या मागे गेली आणि मला विसरली, येथवर येतो, आणि मग तिसऱ्यांदा ‘म्हणून’ येते. आता सर्वांत मोठी शिक्षा यायला हवी. येते ते असे : म्हणून मी तिचे मन वळवीन, तिला रानात नेईन आणि तिच्या मनाशी बोलेन. मधल्या ओळींत पश्चात्ताप शोधला तर सापडत नाही. त्याआधी सातव्या वचनात ती परत जाण्याची भाषा करते खरी, पण तेव्हा माझे बरे चालले होते एवढ्याच हिशेबाने. काही भाषांतरकारांना हे तिसरे ‘म्हणून’ इतके विचित्र वाटते, की ते तेथे ‘पण’ लिहून मोकळे होतात. तसे करू नये. ‘पण’ लिहिले की दया ही आरोपाला लावलेली पुरवणी ठरते, आणि ‘म्हणून’ ठेवले की दया थेट आरोपातून निघते, जशी शिक्षा निघाली असती. यशयाच्या ३०व्या अध्यायातले १८वे वचन असेच आहे; तेथेही हटवादीपणाच्या वर्णनानंतर, म्हणून परमेश्वर तुमच्यावर कृपा करण्यासाठी थांबून राहील, असे येते.

पुढच्याच वचनात अखोराच्या खोऱ्याला आशेचे दार करीन असे म्हटले आहे. हे नाव पाहून यहोशवाचा सातवा अध्याय उघडावा. लुटीतला माल लपवणाऱ्या आखानाला जेथे दगडमार झाला, ते हे खोरे. जुन्या गुन्ह्याची जागा टाळून दुसरीकडे दार काढलेले नाही.

होशेयात एक अडचण आहे आणि ती झाकू नये. पत्नीला उघडी करण्याच्या, कोंडण्याच्या धमक्या या अध्यायात आहेत, आणि यहेज्केलच्या १६व्या व २३व्या अध्यायांत ही भाषा आणखी क्रूर होते. आमच्या मंडळातल्या स्त्रियांनी स्पष्ट सांगितले, की असला नवरा आम्ही पाहिला आहे आणि त्याचे नंतरचे गोड बोलणेही ऐकले आहे. त्यांना गप्प करण्यासाठी ‘हे फक्त रूपक आहे’ असे म्हणणे योग्य नव्हे. मी एवढे सुचवतो, की मूळ श्रोत्यांतले सत्ताधारी पुरुष येथे पत्नीच्या जागी उभे केले आहेत, हे ध्यानात घ्यावे, आणि रूपकातल्या पतीचे वागणे ही कोणत्याही पतीला दिलेली परवानगी नाही, हे वहीत लिहून ठेवावे. त्यानंतरही जो अस्वस्थपणा उरतो, तो उरू द्यावा. होशेयाच्या ११व्या अध्यायात लेकराला हात धरून चालायला शिकवणाऱ्या पालकाचे चित्र आहे, ‘एफ्राइमा, मी तुला कसा सोडू?’ हा प्रश्न आहे (एफ्राइम म्हणजे उत्तरेचे इस्राएल), आणि त्यातही लोक सुधारल्याचा उल्लेख आधी येत नाही.

तीन शब्द

संपूर्ण हिब्रू शिकण्याची गरज नाही, पण तीन शब्द ओळखता यावेत. पहिला ‘हेसेद’. स्तोत्र १३६ मध्ये आपण ‘त्याची दया सनातन आहे’ असे म्हणतो, तेलुगूत तेथे ‘कृप’ आहे. दोन्ही शब्दांत वरून खाली येणारे काहीतरी आहे, आणि ‘हेसेद’मध्ये नाते आहे. मिठाला जागणे, शब्दाला जागणे असे आपण म्हणतो. तसे नात्याला जागणे हा ‘हेसेद’चा अर्थ मला सर्वांत जवळचा वाटतो. होशेयाच्या सहाव्या अध्यायात, तुमचे ‘हेसेद’ सकाळच्या धुक्यासारखे उडून जाते असे चौथ्या वचनात आहे, आणि मला यज्ञ नको ‘हेसेद’ हवे असे सहाव्यात. भाषांतरात दोन ठिकाणी दोन शब्द वापरले असतील तर हा धागा तुटतो. पेन्सिलीने जोडून घ्यावा.

दुसरा ‘रहामीम’, ज्याचा संबंध ‘रेहेम’ म्हणजे गर्भाशय या शब्दाशी आहे. यिर्मयाच्या ३१व्या अध्यायातल्या २०व्या वचनात देवाची आतडी एफ्राइमासाठी कळवळतात. इतर भाषांत याची स्पष्टीकरणे द्यावी लागतात. आपल्याकडे आतडे तुटणे, पोटात कालवणे, पोटची माया हे शब्द रोजच्या तोंडात आहेत. लो-रुहामा या नावातही हाच धातू आहे, हे आता पुन्हा पाहावे.

तिसरा ‘शूव्ह’, म्हणजे फिरणे. देवाकडे परत फिरणे आणि देवापासून फिरणे, दोन्हींसाठी हाच धातू येतो. यिर्मयाच्या तिसऱ्या अध्यायात त्याची सतत उलटापालट चालते. मराठीत आपण ‘त्याचे डोके फिरले’ म्हणतो आणि ‘मागे फिर’ही म्हणतो, त्यामुळे ‘फिरलेल्या मुलांनो, माघारी फिरा’ एवढ्या शब्दांत मूळचा खेळ बराचसा उतरतो.

यशयाच्या पाचव्या अध्यायातले द्राक्षमळ्याचे गीत जिल्ह्यातल्या कोणत्याही द्राक्षबागायतदाराला समजावून द्यावे लागणार नाही : दगड वेचले, उत्तम वेल लावले, बुरूज बांधला, आणि आली ती रानटी फळे. सातव्या वचनात ‘मिश्पात’ म्हणजे न्यायाची अपेक्षा होती तर ‘मिस्पाह’ म्हणजे रक्तपात दिसला, ‘त्सदाका’ म्हणजे नीतिमत्तेची होती तर ‘त्सआका’ म्हणजे आक्रोश ऐकू आला, अशी कोटी आहे. मोठ्याने वाचावी. लगेच पुढे घराला घर आणि शेताला शेत जोडत जाणाऱ्यांवर धिक्कार आहे.

यहेज्केलमधून १६:४९, १८ आणि ३६ हे भाग पुरेत. पहिल्यात सदोमाचे पाप काय होते याचे उत्तर गर्व, भरपूर अन्न, निवांतपणा आणि दीनदुबळ्यांना हात न देणे असे दिले आहे, ते अनेकांना धक्का देते. अठराव्यात ‘बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि मुलांचे दात आंबले’ ही म्हण मोडीत काढली आहे. आपल्या कोल्ह्याच्या द्राक्षांशी तिचा संबंध नाही. छत्तिसाव्यात देव म्हणतो, की मी हे तुमच्यासाठी करत नाही, माझ्या नावासाठी करतो. दया आणि लाड यांत फरक कसा करावा, याचे याहून रोखठोक वचन मला ठाऊक नाही.

एक खरेदीखत

यिर्मयाचा ३२वा अध्याय मात्र सावकाश वाचावा. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातलेला आहे, यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात अटकेत आहे, आणि नगर पडणार असे तो स्वतःच सांगत आला आहे. अशा वेळी चुलतभाऊ हनमेल येऊन म्हणतो, अनाथोथचे माझे शेत विकत घे. यिर्मया सतरा शेकेल चांदी तोलून देतो, म्हणजे साधारण १९० ग्रॅम. खरेदीखत लिहितो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, एक प्रत मोहोरबंद आणि एक उघडी, दोन्ही आपला लेखनिक बारूख याच्या हाती देतो आणि पुष्कळ दिवस टिकावीत म्हणून मातीच्या मडक्यात ठेवायला सांगतो. शत्रूच्या ताब्यातल्या जमिनीचा हा व्यवहार आहे. सातबाऱ्यावरची नोंद किती वर्षे रखडते हे ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना त्याचा वेडेपणा लगेच कळतो. या देशात पुन्हा घरे, शेते आणि द्राक्षमळे विकत घेतले जातील, हे आश्वासन या कागदामागे आहे. आणि सही झाल्यावर यिर्मया प्रार्थनेत जवळजवळ कुरकुर करतो, की नगर तर शत्रूच्या हाती गेले आणि तू मला शेत घे म्हणतोस. चौथ्या रकान्यात येथे वाक्य न लिहिता ‘सतरा शेकेल’ असे लिहावे.

काही सावधगिरी

संदेष्ट्यांचे आरोप वाचून ‘यहुदी लोक असेच होते’ असा निष्कर्ष काढणारे वाचक भेटतात. हे शब्द घरातल्या माणसाने घरातल्यांना ऐकवलेले आहेत, आणि त्याच लोकांनी आपल्यावरचे हे दोषारोप पवित्र ग्रंथ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या जपले, हे अशा वेळी सांगावे. आपल्या कोकणातला मराठी बोलणारा बेने इस्राएल समाज याच परंपरेतला.

दुसरा मोह तुलनेचा आहे. पंढरपूर आणि मंगळवेढा जिल्ह्यातच आहेत, सिद्धरामेश्वरांची वचने शहराच्या मातीत आहेत, त्यामुळे दांभिकांवर कोरडे ओढणारा आमोस भेटला, की संतांची आठवण येणारच. ती शेवटच्या बैठकीसाठी राखून ठेवावी. आपले संत बहुधा भक्त म्हणून देवाशी बोलतात. संदेष्टा ‘परमेश्वर म्हणतो’ असे म्हणून देवाच्या तोंडचे, प्रथमपुरुषी शब्द लोकांना ऐकवतो. तुलना या फरकापासून सुरू केली तर काही हाती लागते.

शेवटी योना वाचावा, आणि त्याआधी निर्गमाच्या ३४व्या अध्यायातले सहावे व सातवे वचन वहीत उतरवून घ्यावे : दयाळू, कृपाळू, मंदक्रोध, हेसेदाने भरलेला, तरी अपराध्याला मोकळे न सोडणारा. हे सूत्र योएल २:१३ मध्ये प्रार्थनेचा आधार म्हणून येते, मीखाच्या शेवटी स्तुती म्हणून, आणि योना ४:२ मध्ये तक्रार म्हणून. तू असा दयाळू आहेस हे मला ठाऊक होते, म्हणूनच मी तार्शीशला पळालो, असे निनवे नगराला इशारा द्यायला पाठवलेला योना, त्या नगराला क्षमा झाल्यावर, रागाने म्हणतो. निनवे ही त्याच अश्शूरची नगरी, ज्याने पुढे शोमरोन बुडवले, हे पहिल्या पानावरच्या रेघेवर पाहून घेतल्याशिवाय त्या रागाला वजन येत नाही. पुस्तक देवाच्या प्रश्नावर संपते : उजवा-डावा हात न कळणारी एक लाख वीस हजारांवर माणसे आणि पुष्कळ गुरेढोरे असलेल्या नगराची मी कीव करू नये काय? योनाचे उत्तर दिलेले नाही. यहुदी परंपरेत प्रायश्चित्ताच्या दिवशी, योम किप्पूरच्या दुपारी, हे पुस्तक वाचले जाते आणि त्याला मीखाची शेवटची तीन वचने जोडली जातात. तसे वाचून पाहावे.

त्यानंतरच्या आठवड्यात नहूम घ्यावा. तोही निनवेविषयीच आहे आणि तेच निर्गमातले सूत्र उचलतो, पण ‘मंदक्रोध’नंतर थेट ‘अपराध्याला मोकळे सोडणार नाही’ याकडे वळतो; इ.स.पू. ६१२ मध्ये निनवे खरोखरच पडले. दोन्ही पुस्तके एकाच खंडात, मधे फक्त मीखा ठेवून, शेजारीशेजारी बसली आहेत. आमच्याकडे कोणते आधी वाचावे यावरून बराच वाद झाला. तोलार गृहस्थांचे म्हणणे पडले, की योनाने शेवट केला तर माणूस फार हलका होऊन घरी जातो. पुढच्या फेरीत नहूम शेवटी ठेवायचा असे ठरले आहे.